दिवा लागला म्हणून सेन्सर गेला?

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेली गाडी तंजावूरच्या गॅरेजात गेली आणि स्कॅनरवर ऑक्सिजन सेन्सरचे नाव आले, की पुढचे वाक्य ठरलेले असते : "सेन्सर पोयिडुच्चु." पुण्यात, कोल्हापुरात त्याचेच "सेन्सर गेलाय" होते. वाक्य तमिळ असो की मराठी, त्याची उलटतपासणी कोणी घेत नाही. काही हजारांचा नवा सेन्सर येतो, कोड पुसला जातो, दिवा विझतो आणि पुष्कळदा पंधरवड्याने पुन्हा लागतो. मग खापर 'लोकल माला'वर फुटते, नाहीतर पेट्रोलातल्या इथेनॉलवर. माझे म्हणणे असे, की एक्झॉस्टमध्ये बसवलेला हा सेन्सर मुळात साक्षीदार आहे. साक्षीदाराची दृष्टी अधू होऊ शकते, वाचा जाऊ शकते, तो खोटेही बोलू शकतो. पण त्याने आणलेली बातमी वाईट आहे एवढ्यावरून त्याला आरोपी करता येत नाही. त्याची साक्ष खरी की खोटी हे दुसऱ्या, त्याच्याशी संबंध नसलेल्या साक्षीने ठरवावे लागते. ती दुसरी साक्ष मिळवायला मोठ्या शहरातली प्रयोगशाळा लागत नाही. तंजावूरसारख्या जिल्ह्याच्या गावात ती पेट्रोल पंपाच्या आवारात उभी असते.

आधी साक्षीदाराची ओळख. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. या प्रमाणाला लॅम्डा १ म्हणतात. हवा जास्त झाली की मिश्रण 'लीन', पेट्रोल जास्त झाले की 'रिच'. बॉश कंपनीचा लॅम्डा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांत प्रथम आला, तो कॅलिफोर्नियाच्या कडक धूरनियमांसाठी. कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे हे तिन्ही एकदम साफ करतो तो लॅम्डा १ च्या अगदी अरुंद पट्ट्यातच. सेन्सरच्या आत झिर्कोनियम ऑक्साइडची, बोटाला घालायच्या अंगुस्तानासारखी एक छोटी टोपी असते, आतून-बाहेरून प्लॅटिनम चढवलेली. एका बाजूला एक्झॉस्टचा वायू, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढी तफावत, तेवढा विजेचा दाब. तो दाब मोजण्याचे सूत्र वॉल्थर नर्न्स्टचे. गंमत म्हणजे याच नर्न्स्टने १८९७ च्या सुमारास केलेल्या दिव्याची कांडीही झिर्कोनियम ऑक्साइडचीच होती आणि तीही आधी तापवल्याशिवाय वीज वाहून नेत नसे. सेन्सरचेही तेच. तीनशे-साडेतीनशे अंशांखाली तो मुका असतो, म्हणून त्याच्या पोटात हीटर असतो. तापल्यावर रिच मिश्रणाला तो ०.९ व्होल्टच्या आसपास, लीनला ०.१ च्या आसपास दाखवतो. इंजिनाचा संगणक त्याच्याकडे पाहून पेट्रोल थोडे वाढवतो, थोडे कमी करतो. म्हणून निरोगी सेन्सरची रेघ सतत वर-खाली डोलत राहते. नव्या कित्येक गाड्यांत पुढचा, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीचा, सेन्सर 'वाइडबँड' जातीचा असतो. तो व्होल्टऐवजी एका सूक्ष्म प्रवाहातून लॅम्डाचा नेमका आकडा सांगतो. त्याला जुन्या मल्टिमीटर-परीक्षेला बसवले तर तो नापासच होणार, आणि चूक परीक्षकाची असणार.

आपल्याकडे हे प्रकरण टप्प्याटप्प्याने आले. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे झाले. चेन्नई त्यात होते, तंजावूर नव्हते. शिसे प्लॅटिनमला विष, त्यामुळे देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले, म्हणजे २००० सालापासून, तेव्हा कुठे लहान गावांत सेन्सरवाली गाडी निर्धास्त चालवता येऊ लागली. गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवायची सक्ती २०१० पासून टप्प्याने आली, २०१३ मध्ये ती वाढली, एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहा देशभर लागू झाले आणि २०२३ पासून देखरेख आणखी काटेकोर झाली. याचा अर्थ असा, की आज पन्नाशीत असलेला मेकॅनिक कार्ब्युरेटरवर शिकला. प्लगचा रंग, सायलेन्सरचा वास, आयडलिंगचा ठेका यांवरून तो निदान करत असे. त्याच्या हातात स्कॅनर आला आणि उलटेच झाले : यंत्र बोलू लागले म्हणून त्याने स्वतःच्या डोळ्या-कानांना गप्प बसवले. विटकरी रंगाचा प्लग आणि काजळी धरलेला प्लग यांतला फरक अजूनही तितकाच बोलका आहे, हे पुढे दिसेलच.

स्कॅनरवरचे कोड मात्र एका जातीचे नसतात आणि घोटाळ्याचे मूळ बरेचसे इथेच आहे. पी ०१३५ किंवा पी ०१४१ हे हीटरच्या सर्किटबद्दल बोलतात. इथे सेन्सरवर थेट संशय घ्यायला जागा आहे, पण फ्यूज आणि वायर पाहिल्यावरच. पी ०१३३ म्हणतो सेन्सर हळू उत्तर देतो आहे. इथे वय आणि विषबाधा दोन्ही संशयित. पी ०१७१ आणि पी ०१७२ यांत तर सेन्सरचे नावही नाही. त्यांचा अर्थ एवढाच, की मिश्रण ताळ्यावर ठेवायला संगणकाला पेट्रोल फार वाढवावे किंवा फार कमी करावे लागते आहे. पी ०४२० कन्व्हर्टरच्या तब्येतीबद्दल आहे, पण तो कन्व्हर्टरमागच्या सेन्सरच्या साक्षीवर उभा असल्यामुळे मागचाच सेन्सर बदलून पाहण्याची टूम पसरली आहे. वास्तविक मागचा सेन्सर पुढच्यासारखा नाचू लागला तर बहुधा तो ठणठणीत आहे. आपल्यापर्यंत येणारा वायू कन्व्हर्टर साफ करत नाही, हेच तो ओरडून सांगत असतो. त्या सेन्सरखाली स्पेसर बसवून त्याला वायूपासून दूर सरकवणे हा उपाय काही ठिकाणी बिनदिक्कत चालतो. तो उपाय म्हणजे कण्हणाऱ्या रोग्याच्या तोंडावर उशी.

सर्वांत जास्त निरपराध सेन्सर बळी जातात ते 'लीन'च्या तक्रारीत, म्हणून इथे जरा थांबायला हवे. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, फक्त ऑक्सिजन हुंगतो. एका सिलिंडरचा प्लग ठिणगी टाकत नसेल (मिसफायर) तर त्यातले पेट्रोल आणि हवा दोन्ही तसेच बाहेर पडतात. पेट्रोल कितीही असो, सेन्सरला दिसतो न वापरलेला ऑक्सिजन, आणि तो म्हणतो 'लीन'. संगणक बिचारा आणखी पेट्रोल ओततो. मॅनिफोल्डच्या गॅस्केटला सेन्सरच्या अलीकडे चीर असेल तर एक्झॉस्टच्या दोन ठोक्यांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते. पुन्हा 'लीन', पुन्हा जादा पेट्रोल. दोन्ही ठिकाणी सेन्सरने जे पाहिले ते खरेच सांगितले. तिसरा प्रकार खऱ्याखुऱ्या लीनचा : पंप थकलेला, फिल्टर तुंबलेला, इंजेक्टर चिकटलेला. यांची फोड करायला स्कॅनरवरचे दोन आकडे पुरतात, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्यूएल ट्रिम, म्हणजे संगणकाने पेट्रोल किती टक्के वाढवले किंवा घटवले ते. पाच टक्के इकडे-तिकडे हे रोजचे. दहाच्या पुढे गेले की शोध घ्यावा. वीस-पंचवीसच्या घरात कोड पडतो. आयडलिंगला ट्रिम चढलेली आणि अडीच हजार फेऱ्यांना ताळ्यावर आली, तर हवा कुठून तरी चोरून आत येते आहे. आयडलिंगला ठीक पण चढावर, भरधाव चढलेली, तर पेट्रोल पुरत नाही. इथे एक इशारा द्यायलाच हवा. हा नियम हवेचे वजन थेट मोजणाऱ्या गाड्यांचा, आणि इंटरनेटवरचे बहुतेक अमेरिकन व्हिडिओ त्याच गाड्यांवर बेतलेले. आपल्या कित्येक छोट्या गाड्यांत हवा मोजली जाते ती मॅनिफोल्डमधल्या दाबावरून. तिथे गळतीची हवाही हिशेबात धरली जाते, त्यामुळे ट्रिम फारशी हलत नाही, उलट आयडलिंगच वाढते. व्हिडिओतला नियम जसाच्या तसा लावला की इथेही शेवटी बिल फाटते ते सेन्सरच्याच नावाने.

आता खुद्द साक्षीदाराची तपासणी. चार वायरांच्या साध्या सेन्सरला बहुधा दोन पांढऱ्या वायरा हीटरच्या, एक काळी सिग्नलची, एक करडी अर्थिंगची असते. गाडी थंड असताना दोन पांढऱ्यांमध्ये मल्टिमीटर धरला की काही ओहमचा रोध दिसायला हवा. अनंत दिसला तर हीटर जळाला, वाद संपला. मग कनेक्टरमध्ये हीटरला बारा व्होल्ट येतात का ते पाहायचे. तंजावूरकडे पाऊस मोठा पडतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून. पाण्यातून गेलेल्या गाडीच्या कनेक्टरमध्ये हिरवट बुरशीसारखा गंज सापडतो, आणि भातशेतीच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाडीची वायर उंदरांनी कुरतडलेली सापडते. असा कनेक्टर साफ करताना ग्रीस किंवा स्प्रे भसाभसा मारू नये. पुष्कळ सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरांच्या आतूनच घेतात. ती वाट बुजली की चांगला सेन्सर खोटे बोलू लागतो. सिग्नलची परीक्षा त्याहून सोपी. इंजिन पुरते तापवून इनटेकमध्ये थोडा गॅस सोडला, की व्होल्टेज ताबडतोब ०.८ च्या वर उडी मारायला हवे. व्हॅक्यूमची एखादी नळी क्षणभर काढली, की ०.२ च्या खाली पडायला हवे. दोन्हीकडे झटकन उत्तर आले तर सेन्सर शाबूत आहे, मग कोड काहीही म्हणो. उत्तर रेंगाळत आले किंवा रेघ मध्येच अडकून बसली, तर संशय पक्का. काढल्यावर टोकाकडेही पाहावे. पांढरी पूड दिसली तर सिलिकॉनची बाधा : कोणीतरी चुकीचे सीलंट सढळ हाताने वापरले असेल, किंवा हेड गॅस्केटमधून कूलंट सिलिंडरमध्ये उतरत असेल. दुसऱ्या शक्यतेत नवा सेन्सरही त्याच विषाने जाणार.

इथवर सगळे सेन्सरलाच विचारून झाले. स्वतंत्र साक्ष अजून बाकी आहे, आणि या लेखातला माझा मुख्य आग्रह तिच्यासाठीच आहे. ती साक्ष म्हणजे पीयूसीचे, म्हणजे प्रदूषण-तपासणीचे यंत्र. दर वर्षी आपण त्याची चिठ्ठी घेतो, घडी घालतो आणि पोलिसाला दाखवण्यापुरती जपतो. कन्व्हर्टर असलेल्या पेट्रोल गाडीसाठी नियमात आयडलिंगच्या मोजणीबरोबर सुमारे अडीच हजार फेऱ्यांवरची दुसरी मोजणीही आहे, आणि तिथे लॅम्डा १ च्या तीन शतांश इकडे-तिकडे असावा असे सांगितले आहे. चार वायू मोजणारे यंत्र हा लॅम्डा गाडीच्या सेन्सरला न विचारता काढते : कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि ऑक्सिजन यांचा ताळेबंद मांडून. महत्त्वाची गोष्ट अशी, की कन्व्हर्टर या वायूंची आपसांत अदलाबदल करतो, एकूण ऑक्सिजनचा हिशेब बदलत नाही. त्यामुळे सायलेन्सरच्या तोंडाशी काढलेला लॅम्डा इंजिनाच्या मिश्रणाशी जुळतो. आता दोन्ही साक्षी शेजारी ठेवा. ट्रिम अधिक अठरा आणि पीयूसीचा लॅम्डा १.००, तर पेट्रोल खरोखरच कमी पडत होते, सेन्सरने बरोबर सांगितले, संगणकाने भरपाई केली. पंप आणि फिल्टर पाहा. ट्रिम अधिक अठरा आणि लॅम्डा ०.९३, कार्बन मोनॉक्साइड चढलेला, प्लग काजळलेले, तर सेन्सर नसलेली हवा पाहतो आहे : एकतर तो बिघडला किंवा त्याच्या नाकाशी गळती आहे. हायड्रोकार्बनही भरमसाट असेल तर मिसफायर. एका चिठ्ठीने इतके संशयित वेगळे होतात, आणि तिचे पैसे सेन्सरच्या किमतीपुढे किरकोळ. अडचण एकच. पुष्कळ ठिकाणी नळी अर्धवट खुपसून, इंजिन न तापवता आकडा काढला जातो, आणि सायलेन्सर फुटका असेल तर आकड्यात बाहेरची हवा मिसळते. म्हणून निदानासाठी गाडी घेऊन जाणाऱ्याने स्वतः उभे राहून, तापलेल्या इंजिनावर मोजणी करून घ्यावी.

दोन साक्षी शेजारी ठेवून कागदावर उतरवण्याची ही रीत तंजावूरला नवी नाही. सरफोजी दुसरे १७९८ मध्ये गादीवर आले. वर्षभरात राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजाकडे किल्ला, ग्रंथालय आणि अफाट कुतूहल उरले. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी वैद्यक आणि युरोपीय वैद्यक शेजारी-शेजारी चालत असे. सरस्वती महाल ग्रंथालयात त्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आजही आहेत. रोग्याची तक्रार, केलेला उपचार, नंतरची स्थिती अशी ही टिपणे, आणि काहींसोबत डोळ्यांची रंगीत चित्रेसुद्धा. नेत्रवैद्याचा पेच आपल्या पेचासारखाच असतो. दिसत नाही म्हणणाऱ्याचा डोळा बिघडला आहे, की खोलीतला दिवा मंद आहे? उपचारापूर्वीची अवस्था लिहून ठेवली नसेल तर उपचारानंतरच्या सुधारणेला अर्थ उरत नाही. आपल्या गॅरेजांच्या जॉबकार्डावर मात्र "सेन्सर बदलला" याच्या पलीकडे शब्द नसतो. बदलण्याआधीची ट्रिम काय होती, नंतर काय झाली, हे लिहिलेले सापडत नाही. शिवाय कोड पुसला की त्याबरोबर गाडीने दोषाच्या क्षणी टिपून ठेवलेले वेग, तापमान, ट्रिम हे सगळे पुसले जाते. तपासाआधी पंचनामा धुऊन टाकायची ही सवय सेन्सर बदलण्यापेक्षाही जास्त नुकसान करते.

इथेनॉलचा आक्षेप गंभीर आहे, त्याला आकड्यानेच उत्तर द्यावे. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागले आणि आता तेच सर्वत्र आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. ते जळायला वजनाच्या नऊ पट हवा पुरते. हिशेब मांडला तर दहा टक्के मिश्रणाला सुमारे १४.१ पट आणि वीस टक्क्यांच्या मिश्रणाला सुमारे १३.५ पट हवा लागते. म्हणजे दहावर बेतलेल्या गाडीत वीसचे पेट्रोल भरले की संगणकाला इंधन चार-साडेचार टक्के वाढवावे लागेल, आणि निव्वळ पेट्रोलवर बेतलेल्या जुन्या गाडीत आठ-नऊ टक्के. ही वाढ म्हणजे सेन्सर नीट काम करतो आहे याचा पुरावा. एकट्या इथेनॉलने पंचवीस टक्क्यांचा उंबरठा ओलांडला जाणार नाही. पण ज्या गाडीत थकलेल्या पंपामुळे आधीच पंधरा टक्के खर्ची पडले होते, तिथे उरलेली शिल्लक इथेनॉल खाऊन टाकते आणि दिवा लागतो. लोकांचे निरीक्षण चुकीचे नाही, त्यावरून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. बाहेरून सीएनजी किंवा एलपीजी किट बसवलेल्या गाडीत वेगळाच धोका असतो. काही किटांत सेन्सरच्या वायरीवर एम्युलेटर बसवून संगणकाला बनावट सिग्नल पुरवला जातो. तिथे वर सांगितलेली परीक्षा घेण्याआधी एम्युलेटर बाजूला केला नाही, तर तपासणी होते ती एम्युलेटरची.

उरतो व्यवहाराचा आक्षेप, आणि तो सर्वांत वजनदार. गिऱ्हाईक वस्तूचे पैसे देते, विचाराचे देत नाही. दीड तास तपासून "फक्त गॅस्केट होते" म्हणणाऱ्या मेकॅनिकला शंभर-दोनशे रुपये मिळतात, सेन्सर विकणाऱ्याला त्याच्या कित्येक पट. शिवाय सेन्सर म्हातारा होतोच : बिनहीटरच्या जुन्या सेन्सरसाठी पन्नास ते ऐंशी हजार किलोमीटर आणि हीटरवाल्यासाठी एक लाख साठ हजारांच्या आसपास तपासून बदलावा, असा सर्वसाधारण सल्ला आहे. मग दीड लाख चाललेल्या गाडीत सरळ बदलला तर बिघडले कुठे? वयाने थकलेला सेन्सर बदलण्याला माझी हरकत नाही, तोच दोष आहे असे लिहून देण्याला आहे. मूळ दोष तसाच राहिला तर मिसफायरचे न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते, आतली जाळी वितळते, आणि प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम लेपलेला तो तुकडा सेन्सरच्या कितीतरी पट महाग असतो. साधनांचे म्हणाल तर मोबाइलला जोडायचा ब्लूटूथ स्कॅनर, मल्टिमीटर आणि पीयूसीची चिठ्ठी एवढ्यावर बहुतेक प्रकरणे उलगडतात. ऑसिलोस्कोप लागतो तो वाइडबँड आणि अधूनमधून येणाऱ्या दोषांसाठी. राहिला मोबदला, तर तपासणीचा आकार बिलात वेगळा दाखवावा आणि वस्तू तिथेच बदलली तर तो वळता करावा, असा तोडगा निघू शकतो. त्या बिलामागे चार ओळी लिहिलेल्या असाव्यात : पुसण्याआधीचे कोड, आयडलिंगची आणि अडीच हजारांची ट्रिम, पीयूसीचा लॅम्डा, आणि काय बदलले. पाचवी ओळ कोरी ठेवावी, दोन आठवड्यांनी गाडी परत आल्यावर दिसणाऱ्या लाँग टर्मच्या आकड्यासाठी.